न्यायालय सुधारणेवर काम करणारी संस्था: आधी वजनदार विश्वस्त की आधी कार्यालय?

पायरीवरचा_पक्षकार

जिल्हा न्यायालयांतल्या विलंबाचा अभ्यास करून सुधारणा सुचवणारी छोटी संस्था पुण्यात नोंदवायची आहे. पहिल्या दोन वर्षांत आठ माणसं. घोडं दोन ठिकाणी अडलंय.

एक, विश्वस्त मंडळात निवृत्त न्यायमूर्ती, ज्येष्ठ वकील अशी नावं आधी घ्यावीत का? दोन, देणगीदारांचा घोशा असतो की प्रशासनावर खर्च कमी दाखवा. मग आठांतली किती माणसं कार्यालयीन ठेवायची? कलमं, तारखा, कामाची वाटणी असं ठोस लिहा. शुभेच्छा नंतर द्या.

हिशेबनीस

दुसऱ्या प्रश्नापासून. 'प्रशासकीय खर्च' हा एकच आकडा आहे असं समजून लोक बोलतात. वेगवेगळ्या कायद्यांत त्याचे वेगवेगळे अर्थ आहेत आणि सगळी खिचडी तिथेच होते.

परदेशी देणगी: २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) याखाली आलेल्या पैशातून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च चालत नाही. आधी ही मर्यादा ५० टक्के होती. पण नियमावलीतला नियम ५ शेवटपर्यंत वाचा. संस्था मुख्यतः संशोधनाची किंवा प्रशिक्षणाची असेल, तर प्रत्यक्ष जागेवरची माहिती गोळा करणाऱ्या, तिचं विश्लेषण करणाऱ्या आणि प्रशिक्षण देणाऱ्या माणसांचे पगार या २० टक्क्यांत धरत नाहीत. कोर्टात बसून नोंदी घेणारा माणूस प्रशासन नव्हे. मात्र हे नेमणूकपत्रात लिहिलेलं हवं. 'प्रोग्रॅम असोसिएट' असलं गुळमुळीत पदनाम दिलंत की तपासणीत तो पगार सरळ प्रशासनात ढकलला जातो. कामाचं वर्णन दोन ओळींत लिहा आणि दर महिन्याला कोणी कोणत्या प्रकल्पावर किती दिवस घालवले याचा तक्ता सहीनिशी ठेवा. वर्षाअखेरीस बसून भरलेला तक्ता ओळखू येतो. सगळ्या पानांवर एकाच पेनची शाई असते.

तसंही तुम्हाला हे पहिली तीन वर्षं लागू होणार नाही. नियमित नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले लागतात. पण कागद पहिल्या दिवसापासून तसे ठेवा, कारण हे १५ लाख त्याच कागदांवरून सिद्ध करायचे आहेत.

सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा): ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर. तुमच्या कार्यालयभाड्याशी तिचा संबंध नाही. कंपनीचे अधिकारीच ही गल्लत करतात आणि तुमचं अंदाजपत्रक ५ टक्क्यांत कोंबायला सांगतात. २०१४ च्या नियमांतली, २०२१ मध्ये सुधारलेली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ओव्हरहेड्स'ची व्याख्या छापून सोबत न्या. आणखी एक. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये, म्हणजे सीएसआरला चालणाऱ्या विषयांच्या यादीत, 'न्यायालय सुधारणा' असा विषयच नाही. ती यादी उदारपणे वाचावी असं मंत्रालयाने २०१४ मध्येच कळवलंय, पण प्रस्ताव शिक्षण किंवा स्त्री-पुरुष समानता अशा नोंदीला धरूनच लिहावा लागतो.

आयकर: इथे प्रशासनाला टक्केवारीची मर्यादा नाही, पण मेख दुसरीकडे आहे. तुमचं काम बहुधा 'सर्वसाधारण लोकोपयोग' या सदरात पडेल. त्या सदरात शुल्क घेऊन केलेल्या कामाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षीची करसवलत धोक्यात. एखाद्या सरकारी खात्याला सल्ला देऊन मोठं बिल लावलंत, तर हिशेब आधी करून बघा. (नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा क्रमांक पाठ करू नका, तत्त्व लक्षात ठेवा.)

सनद_निलंबित

आता पहिला प्रश्न. वजनदार नावांना माझा विरोध नाही, क्रमाला आहे. मंडळात चार मोठी नावं आणि कार्यालयात कोणी नाही, अशी संस्था एका परिषदेनंतर झोपते. बैठकीला गणसंख्या जमत नाही, बदल अर्जावर (विश्वस्त बदलल्याची नोंद) सह्या मिळत नाहीत, बँकेचं काम महिनोन् महिने लटकतं.

नावं घ्यायचीच तर हे बघा.

सेवेतले न्यायाधीश मंडळात नकोत, सल्लागार म्हणूनही नकोत. एफसीआरएच्या कलम ३ नुसार न्यायाधीशाला परदेशी देणगी घेता येत नाही. पुढे परदेशी पैसा आला आणि न्यायाधीशांसाठी कार्यशाळा घेतलीत, तर त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन त्या खात्यातून कधीही टाकू नका. असे कार्यक्रम न्यायिक अकादमीमार्फत करावेत (महाराष्ट्राची उत्तनला आहे) आणि खर्च देशी खात्यातून.

वकिली चालू असलेले विश्वस्त असतील तर हितसंबंधांची नोंदवही पहिल्या बैठकीतच उघडा. ज्या न्यायाधीशासमोर विश्वस्ताची प्रकरणं चालू आहेत, त्याच न्यायालयाचा अभ्यास संस्था करत असेल तर त्या विश्वस्ताने निष्कर्षाच्या चर्चेतून उठून जायचं आणि तसं इतिवृत्तात यायला हवं. अहवाल बोचला की पहिला आरोप हाच होतो: अमक्या वकिलाने खुन्नस काढली.

पगारी नोकरीत घेतलेल्या वकिलाबद्दल. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकर असताना वकिली करता येत नाही. रुजू होण्याआधी त्याने बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनद स्थगित करण्याचा अर्ज द्यायचा आणि त्याची पोच तुमच्या फाइलला लावायची. 'महिना ठरावीक रक्कम, पण मानधन म्हणून' ही पळवाट बहुतेकांना सुचते. रोज दहा ते सहा बसवून, रजेचा हिशेब ठेवून त्याला मानधन म्हटलं तर ते टिकत नाही, आणि त्यात सनद त्याची जाते, संस्थेची नव्हे.

संचालक स्वतः विश्वस्तही असेल तर पगार बाजारभावाला धरून हवा. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला वाजवीपेक्षा जास्त दिलं तर तेवढ्या रकमेवरची आयकर सवलत जाते. ठराव करताना तो बैठकीत नसावा, आणि तशाच पदाच्या दोन-तीन जाहिरातींतले पगार ठरावाला जोडावेत.

जुना_नाझर

न्यायालयाच्या बाजूने दिसतं ते लिहितो.

तुमच्या संस्थेचं पहिलं पत्र आलं की साहेबांच्या आधी ते कार्यालयात वाचलं जातं. त्यात तीन गोष्टी शोधतात: नोंदणी क्रमांक, सहीचा अधिकार कोणाचा, आणि नेमकं हवंय काय. 'न्यायव्यवस्थेत आमूलाग्र बदल घडवण्यासाठी सहकार्य अपेक्षित' असलं पत्र दफ्तरी दाखल होतं. 'दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्या न्यायालयात अमुक ते अमुक तारखेदरम्यान दोन निरीक्षक मागच्या बाकावर बसतील, ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण करणार नाहीत, कोणतीही नस्ती मागणार नाहीत' असं लिहिलं तर निदान टिपणी तरी चढते.

पत्र प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे. उच्च न्यायालयाकडून धोरणात्मक परवानगी हवी असेल तर महाप्रबंधकांना (रजिस्ट्रार जनरल). खुल्या न्यायालयात बसायला कोणाची परवानगी लागत नाही हे खरं, पण रोज तीच दोन माणसं वही घेऊन बसलेली दिसली की तिसऱ्या दिवशी विचारणा होते. आधी पत्र दिलेलं बरं.

ओळखपत्रावर अशोकस्तंभ नको, तराजूच्या चित्राखाली 'न्यायालय अधिकारी' वाटेल असं काही नको. राजचिन्हाच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. पक्षकार अशा कार्डाला फार लवकर भुलतो आणि 'साहेब, माझी तारीख लवकर लावा' म्हणत मागे लागतो. तुमच्या मुलांना एकच वाक्य शिकवून ठेवा: आम्ही कोर्टाचे नाही, सल्ला देत नाही, विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय अमक्या मजल्यावर आहे.

रोजनामा

आठ माणसांची वाटणी मी अशी करेन: संचालक १, कार्यालय व्यवस्थापक १, हिशेब १, विदा (डेटा) सांभाळणारे २, न्यायालय निरीक्षक २, लेखन-संपादन १. म्हणजे कार्यालयीन दोनच, पण ती दोन पूर्णवेळ आणि पहिल्या महिन्यापासून.

विदेच्या माणसांत एकाला न्यायालयाची भाषा यायलाच हवी, नुसता संगणकवाला चालणार नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड (न्यायालयांतल्या प्रकरणांचे आकडे दाखवणारं सरकारी संकेतस्थळ) २०१५ पासून उघडा आहे, आकडे सहज मिळतात, आणि म्हणूनच चुका सहज होतात.

ग्रिडवरचा आकडा त्या दिवसाचा असतो. काल काय होता हे परत काढता येत नाही. रोज किंवा दर सोमवारी ठरलेल्या वेळी आकडे उतरवून तारीखवार जपणं हे एका माणसाचं नेमून दिलेलं काम हवं. तो रजेवर गेला तर दुसरा कोण, हेही लिहून ठेवा. खंड पडला की मालिका लंगडी.

सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा देशभर एकमेव क्रमांक) १६ अंकाक्षरी असतो: दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयीन आस्थापनेचे, सहा प्रकरणाचे, चार वर्षाचे. तक्त्यात हा रकाना 'मजकूर' स्वरूपात ठेवा आणि प्रकरणाची ओळख म्हणून हाच वापरा. नुसता 'रे. दि. दावा (रेग्युलर दिवाणी दावा) ११२/२०१९' लिहिलात तर प्रत्येक तालुक्यात त्याच क्रमांकाचा दावा सापडेल.

प्रकरणाचे प्रकार एकत्र मोजू नका. दरखास्त म्हणजे झालेल्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी, ती वेगळं प्रकरण म्हणून मोजली जाते. फौजदारीत एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) मध्ये चेक न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणं आणि किरकोळ दंडाची प्रकरणं एकाच पोत्यात असतात. किरकोळ प्रकरणं लोकअदालतीत झपाट्याने निकाली निघतात आणि सरासरी देखणी दिसते. कायद्याचं नाव वेगळ्या रकान्यात घेऊन फोड करा, नाहीतर अहवालातला पहिला आलेखच चुकेल.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे गेले. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे मुंबईच्या मुख्यपीठाचे आकडे शेजारी ठेवून 'प्रलंबितता घटली' असं लिहिणारा कोणीतरी निघणारच. तो तुमचा माणूस नसावा.

निरीक्षणाचा नमुना एका पानापेक्षा मोठा नको. न्यायाधीश डायसवर आले ती वेळ, उठले ती वेळ, बोर्डावर (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत) एकूण किती, पुकारली किती. मग प्रत्येक पुकारलेल्या प्रकरणाला एक ओळ: टप्पा, काय झालं, तारीख पडली तर कोणाच्या कारणाने, पुढची तारीख. बोर्डावर ८० प्रकरणं असली तर एका माणसाला झेपत नाही, दोघं लागतात. एक पुकारा ऐकतो, दुसरा लिहितो, जेवणाच्या सुट्टीत अदलाबदल. 'कोणाच्या कारणाने' हा रकाना सगळ्यांत जास्त चुकतो, कारण वकील हळू बोलतात आणि मागच्या बाकावर ऐकू येत नाही. संध्याकाळी न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर त्या प्रकरणाच्या दिवसाच्या नोंदीशी ताडून बघा. जुळलं नाही तर 'अज्ञात' लिहा, अंदाज नको.

उन्हाळी आणि दिवाळी सुट्टीच्या आधीचा आठवडा नमुन्यात घेऊ नका. नाहीतर तारखा का पडल्या याचं उत्तर दिनदर्शिकेतच मिळेल.

हिशेबनीस

@रोजनामा, वाटणी पटली, एका जागी अडकलो. हिशेबाला पूर्णवेळ माणूस आठ जणांच्या संस्थेत जड जाईल. बाहेरचा लेखापाल आठवड्याला दोन दिवस आणि वर्षाचं लेखापरीक्षण वेगळ्या सनदी लेखापालाकडे, असं जमतं.

रोजनामा

लेखन-संपादन अर्धवेळ करा, हिशेब नको. अहवाल दोन महिने उशिरा आला तर कोणी मरत नाही. टीडीएस दर महिन्याच्या ७ तारखेला भरायचा असतो, आणि ती तारीख बाहेरच्या माणसाच्या 'दोन दिवसां'त बसेलच असं नाही.

हिशेबनीस

मान्य. मग त्याच माणसाकडे देणगीच्या पावत्याही द्या. ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारं कलम) खाली घेतलेल्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं, उशिराला दिवसाला २०० रुपये. देणगीदाराचा पॅन पावती फाडतानाच घ्या, मेमध्ये फोन करत बसलं तर निम्मे उचलत नाहीत. दोन हजारांवरची रोख देणगी ८०जीला चालत नाही, तेव्हा रोखीचं पावतीपुस्तक शक्यतो छापूच नका.

बँकेत तीनांपैकी दोन सह्या, आणि त्या दोन एका घरातल्या नकोत. ऑनलाइन व्यवहारात भरणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. संचालकाने दोन्ही पासवर्ड हिशेबवाल्याला दिले की ही सगळी रचना कागदावरच राहते.

सनद_निलंबित

अवमानाचं राहिलं. लेखन-संपादनाच्या माणसाला १९७१ च्या अवमान कायद्यातली चार कलमं यायला हवीत. कलम ४: न्यायालयीन कामकाजाचा प्रामाणिक आणि अचूक वृत्तांत अवमान नव्हे. कलम ५: अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणावर रास्त टीका चालते. चालू प्रकरण उदाहरण म्हणून वापरायचा मोह म्हणूनच टाळा. कलम ६: कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेलं निवेदन अवमान ठरत नाही. कलम ७: बंद दालनातल्या कामकाजाच्या प्रसिद्धीबद्दल.

यातून कामाची पद्धत निघते. जाहीर अहवालात न्यायालयांना संकेतांक द्यायचे, न्यायाधीशांची नावं नाहीत. एखाद्या विशिष्ट न्यायालयाबद्दल गंभीर काही आढळलं तर ते बंद लखोट्यात महाप्रबंधकांकडे, विश्वस्तांच्या ठरावासह. संचालकाने परस्पर पत्रकारांना सांगायचं नाही.

पक्षकारांच्या ओळखीबद्दल तर अजिबात हयगय नको. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख (भारतीय न्याय संहितेचं कलम ७२), पॉक्सोमधलं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यातलं, बालक (कलम २३), बाल न्याय कायद्यातलं मूल (कलम ७४), यातलं काही निरीक्षकाच्या वहीतही नको. फक्त सीएनआर लिहिला तरी त्यावरून संकेतस्थळावर शोध घेता येतो, म्हणून अशा प्रकरणांना वहीत संस्थेचा अनुक्रमांक द्या. सोपा उपाय म्हणजे पॉक्सो न्यायालय नमुन्यातच घेऊ नका.

आणि माहिती अधिकारात प्रकरणाच्या प्रती मागण्यात वेळ घालवू नका. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की न्यायिक कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या. रिक्त पदं, खर्च अशी प्रशासकीय माहिती मात्र मागा, उच्च न्यायालयाच्या माहिती अधिकार नियमांतल्या नमुन्यात.

शाई_संपली

सगळ्यांनी कार्यालय व्यवस्थापक 'एक' लिहून पुढे उडी मारलीत. त्या एका बाईकडे काय काय येतं ते मोजा.

आठ पगारी आणि तीन इंटर्न म्हणजे अकरा. लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात (२०१३) इंटर्न आणि स्वयंसेवकही कर्मचारीच धरतात. दहा झाले की अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या किंवा जास्त महिला, एक बाहेरची सदस्य. नाही केली तर ५० हजारांपर्यंत दंड. कायद्याच्या क्षेत्रातल्या संस्थेने हे विसरणं म्हणजे फारच झालं. निरीक्षकांना कोर्टाच्या आवारात कोणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची हेही याच समितीने आधी लिहून ठेवावं.

प्रकल्प संपला की माणूस संपला, असे अकरा महिन्यांचे करार करू नका. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, त्यात ठरावीक मुदतीच्या नोकराला एक वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. ती चुकवायला अकरा महिने करतात आणि मग शिकवलेला निरीक्षक ऐन अभ्यासात निघून जातो. ग्रॅच्युइटीची तरतूद अंदाजपत्रकातच धरा.

मांडवीकाठ

गोव्यातून एक पुरवणी. उच्च न्यायालय एकच असलं तरी धर्मादाय आयुक्तांची व्यवस्था इकडे नाही. महाराष्ट्रात संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदते, इथे तसं होत नाही. पणजीत शाखा काढलीत तरी तुमचं दप्तर पुण्याच्या सहआयुक्तांकडेच. आणि इथल्या तालुका न्यायालयांचे आकडे महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या सरासरीत मिसळू नका. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसा कायद्यामुळे इन्व्हेंटरी प्रकरणं म्हणजे वारसाहक्काची मोजणी-वाटणी हा प्रकार तुमच्याकडे नाहीच.

पायरीवरचा_पक्षकार

सगळ्यांचे आभार, छापून घेतलं. मंडळासाठी आता असं ठरतंय: पाच विश्वस्त, त्यात एक लेखापरीक्षणाचा अनुभव असलेला, एक निवृत्त न्यायालयीन अधीक्षक, निवृत्त न्यायाधीश फार तर एक. संचालक विश्वस्त मंडळाबाहेरचा. विश्वस्त बदलला तर काय काय करावं लागतं तेवढं सांगा.

जुना_नाझर

निवृत्त अधीक्षक घेताय हे उत्तम. बोर्ड कसा तयार होतो हे न्यायमूर्तींपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

हिशेबनीस

विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज. राजीनामा, सभेची नोटीस, ती मिळाल्याची पोच, हजेरीच्या सह्या, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र. यातली नोटिशीची पोच सगळ्यांत जास्त वेळा गहाळ असते आणि अर्ज तिथेच वर्षभर रखडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस पाठवलीत तरी रजिस्टर टपालानेही पाठवा आणि पावत्या त्याच इतिवृत्ताच्या पानाला टाचा. पुढे एफसीआरए नोंदणी असेल तर पदाधिकारी बदल तिकडे ४५ दिवसांत वेगळा कळवायचा.

शाई_संपली

आणि राजीनामा मंजूर करायच्या आधी एक यादी करून घ्या: आयकर, दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ), बँक, डोमेन, ई-मेल यांपैकी कोणत्या खात्याचा ओटीपी जाणाऱ्याच्या मोबाइलवर येतो. संस्थेच्या नावाने एक स्वतंत्र सिमकार्ड आणि एक स्वतंत्र ई-मेल पहिल्याच आठवड्यात घ्या. डिजिटल सहीचं टोकन ज्याचं त्याच्याकडे. ते हिशेबाच्या कपाटात, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर पिनसकट नको.